चेंडू उडतो कसा, हेही नियमात हवं

फुटबॉलच्या नियमपुस्तिकेत १७ नियम आहेत. त्यातला दुसरा चेंडूचा, आणि तो वाचायला मिनिटभरही लागत नाही. चेंडू गोल असावा, योग्य साहित्याचा असावा, परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर असावा, सामना सुरू होताना वजन ४१० ते ४५० ग्रॅम भरावं आणि आतल्या हवेचा दाब समुद्रसपाटीला ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर असावा, एवढंच. मोठ्या स्पर्धांच्या चेंडूला याशिवाय फिफाचा गुणवत्तेचा शिक्का लागतो. त्यासाठी प्रयोगशाळेत परीघ आणि वजन तर मोजतातच, शिवाय चेंडू सगळीकडून सारखा गोल आहे का, किती उसळतो, किती पाणी पितो, हवा किती धरून ठेवतो, पोलादी पत्र्यावर हजारो वेळा आपटल्यावर आकार टिकवतो का, हेही पाहतात. चाचण्या कडक आहेत आणि उपयोगाच्याही आहेत. पण पायाने मारलेला चेंडू हवेतून कसा जाईल, हे यांतल्या एकाही चाचणीत मोजलं जात नाही.

ती बाब चेंडू बनवणाऱ्या कंपनीवर सोडलेली आहे. कंपनीने मनावर घेतलं तर चेंडू सरळ जातो, नाही घेतलं तर गोलरक्षकाच्या हातांसमोर येऊन दिशा बदलतो, आणि दोन्ही चेंडूंवर शिक्का एकच असतो. दर विश्वचषकाला नवा चेंडू येतो. नव्या रंगाबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नाही. पण रंगाबरोबर चेंडूच्या शिवणी, पॅनेलचा (म्हणजे ज्या तुकड्यांचा चेंडू बनतो त्यांचा) आकार, पृष्ठभागाचा खडबडीतपणा असं सगळंच बदलतं, आणि त्याबरोबर खेळही बदलतो. गोलपोस्टची रुंदी दर चार वर्षांनी कुणी बदलायला लागलं तर आपण ते चालवून घेणार नाही. मग चेंडूचं उड्डाण बदललेलं आपण का चालवून घेतो? त्याची चाचणी शिक्क्याच्या अटींत आली पाहिजे, मर्यादा ठरल्या पाहिजेत आणि निकाल सर्वांना दिसले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

विश्वचषकातल्या चेंडूंचा इतिहास मी नेहमी एका प्रश्नाने वाचतो: या बदलाने नेमकी कोणाची अडचण दूर झाली? सुरुवातीच्या काही दशकांत उत्तर सोपं आहे. अडचण खेळाडूची होती. चामड्याच्या आत रबरी ब्लॅडर, तो फुगवून आत ढकलायचा आणि वरची फट वादीने बांधायची, अशी रचना होती. वादीची ती गाठ नेमकी कपाळावर आली की हेडर मारणाऱ्याला ती लागायची, आणि त्या बाजूने चेंडू किंचित जड असल्यामुळे त्याची चालही वाकडी व्हायची. १९३४ मध्ये इटलीतल्या स्पर्धेत चामडी वादीऐवजी सुती दोरी आली. त्याआधीच, १९३१ च्या सुमारास, अर्जेंटिनातल्या बेल व्हिले या गावात वादी नसलेला, व्हॉल्व्हमधून हवा भरायचा चेंडू तयार झाला होता. विश्वचषकात तो पोहोचायला १९५० साल उजाडलं. ब्राझीलमधल्या त्या स्पर्धेतला 'सुपर दुप्लो टी' हा वादी नसलेला पहिला विश्वचषकी चेंडू. मैदानावर खेळणाऱ्याला काय बोचतं हे ओळखून केलेला बदल म्हणून मला तो सगळ्या इतिहासात सर्वांत मोठा वाटतो. नंतरचे बरेच गाजलेले बदल त्याच्यापुढे किरकोळ आहेत.

चेंडू हा न्यायाचा प्रश्न आहे, हे तर पहिल्याच विश्वचषकात कळून चुकलं होतं. १९३० चा अंतिम सामना उरुग्वे आणि अर्जेंटिना यांच्यात माँटेव्हिडिओला होता आणि दोन्ही संघांना आपापलाच चेंडू हवा होता. बेल्जियमचे पंच जॉन लँगेनस यांच्यासमोर अखेर तोडगा निघाला तो असा, की पहिला अर्धा खेळ एका चेंडूने आणि दुसरा दुसऱ्याने. अर्जेंटिनाच्या चेंडूने मध्यंतरापर्यंत अर्जेंटिना २-१ ने पुढे होता. उरुग्वेच्या चेंडूने उरुग्वेने तीन गोल केले आणि सामना ४-२ ने जिंकला. निकाल चेंडूमुळे फिरला असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. घरचं मैदान होतं, घरचे प्रेक्षक होते. पण आपल्या ओळखीच्या चेंडूसाठी दोन्ही संघ भांडले, कारण ओळखीच्या चेंडूचा फायदा काय असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

यातून फिफाने एक चांगली पद्धत शोधलीही होती, आणि ती आज कोणाच्या आठवणीत नाही याचं मला वाईट वाटतं. १९५८ च्या स्वीडनमधल्या स्पर्धेसाठी फिफाने उत्पादकांकडून नमुने मागवले. १०२ चेंडू आले. कोणता चेंडू कोणाचा हे निवड करणाऱ्यांना कळू नये म्हणून त्यांवरची नावं झाकलेली होती. त्यातून 'टॉप स्टार' निवडला गेला. कारखान्याचं नाव माहीत नसताना, चेंडू हातात घेऊन, पायाने मारून केलेली ही निवड होती. त्यानंतर बारा वर्षांनी, १९७० पासून, विश्वचषकाचा प्रत्येक चेंडू एकाच कंपनीचा आहे. आदिदासने चांगले चेंडू दिलेच नाहीत असं मी म्हणत नाही, कित्येक उत्तम दिले आहेत. पण पर्यायच नसतो तेव्हा पारखही उरत नाही.

१९७० चा 'टेलस्टार' म्हणजे आजही चेंडूचं चित्र काढायला सांगितलं की हात आपोआप जे काढतो तो: १२ काळे पंचकोन, २० पांढरे षटकोन. ही रचना आदिदासची नव्हे. डेन्मार्कचा माजी गोलरक्षक आयगिल निल्सन याने आपल्या 'सिलेक्ट' कंपनीतून ३२ पॅनेलचा चेंडू १९६२ मध्येच काढला होता. 'टेलस्टार'चं वेगळेपण त्याच्या काळ्या-पांढऱ्या रंगांत होतं. मेक्सिकोतले सामने जगभर दूरचित्रवाणीवर दिसणार होते आणि बहुतेक घरांतले संच कृष्णधवल होते. तपकिरी चेंडू त्या पडद्यावर गवतात विरघळून गेला असता. म्हणजे इथे अडचण दूर झाली ती प्रेक्षकाची. त्यात वावगं काहीच नव्हतं, कारण खेळाडूचं काही बिघडलं नाही. उलट ३२ पॅनेलची रचना खेळाडूला फार मानवणारी होती. प्रत्येक कोपऱ्यावर दोन षटकोन आणि एक पंचकोन, एकूण ६० कोपरे आणि ९० शिवणी. कार्बनच्या ६० अणूंचा रेणू १९८५ मध्ये सापडला तेव्हा त्याची घडण नेमकी हीच निघाली, आणि त्या शोधाला १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. निसर्गालाही सोयीची वाटलेली ही घडण विश्वचषकात १९७० पासून २००२ पर्यंत टिकली. 'टँगो', 'अझटेका', 'ट्रायकलर' यांची नक्षी वेगळी होती, पण खाली पॅनेल तीच.

या काळात साहित्य मात्र बदलत गेलं, आणि तिथे एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. नियमात वजन मोजायचं ते 'सामना सुरू होताना'. चामड्याचा चेंडू पावसात पाणी पिऊन कितीही जड झाला तरी तो नियमबाह्य ठरत नसे. इंग्लंडचा आघाडीवीर जेफ ॲसल हेडरसाठी प्रसिद्ध होता. २००२ मध्ये वयाच्या ५९ व्या वर्षी तो वारला, आणि मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने मृत्यूचं कारण व्यवसायजन्य आजार असं नोंदवलं: वर्षानुवर्षं डोक्याने जड चेंडू मारून मेंदूला झालेली इजा. २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं की स्कॉटलंडचे माजी व्यावसायिक फुटबॉलपटू मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण इतर लोकांच्या सुमारे साडेतीन पट आहे. याचा सगळा दोष ओल्या चामड्याला देणं बरोबर होणार नाही. हलका, कोरडा चेंडू जास्त वेगाने येतो, म्हणून आजच्या चेंडूने हा धोका संपला असं समजून कोणी निर्धास्त राहू नये. पण पाण्याचा मुद्दा तेवढ्यापुरता खरा आहे. १९७० च्या दशकात चामड्यावर पॉलियुरेथेनचा लेप आला, १९८२ च्या 'टँगो एस्पान्या'नंतर विश्वचषकातून चामडं गेलं, १९८६ मध्ये पूर्ण कृत्रिम साहित्याचा 'अझटेका' आला. फिफाने गुणवत्तेचे शिक्के सुरू केले ते १९९६ मध्ये, आणि चेंडू किती पाणी शोषतो हे आज त्या चाचण्यांत मोजलं जातं.

एका पिढीने डोक्यावर झेललेला दोष चाचणीच्या तक्त्यात यायला किती काळ गेला, ते यावरून दिसतं. कारखान्यांनी प्रश्न बहुतेक सोडवल्यावर नियम मागून आला. उड्डाणाच्या बाबतीत आपण आज त्याच जागी उभे आहोत.

२००६ मध्ये शिवणकामच गेलं. जर्मनीतल्या स्पर्धेचा 'टीमगाइस्ट' १४ पॅनेलचा होता आणि ती पॅनेल उष्णतेने चिकटवलेली होती. २०१० चा 'जाबुलानी' फक्त ८ पॅनेलचा. हेतू चांगला होता हे मान्य करायला हवं. हाताने शिवलेल्या चेंडूत दोरा इथे जास्त आवळला, तिथे कमी, की गोलाई बिघडते. पॅनेल कमी केली, साच्यात घडवली, की चेंडू अधिक गोल होतो आणि एक चेंडू दुसऱ्यासारखा निघतो. या कामात लफबरो विद्यापीठाची मदतही घेतलेली होती. पण चेंडू जितका गोल आणि गुळगुळीत तितका तो सरळ जाईल, हे गृहीतच हवेत टिकत नाही.

कारण हवेचा स्वभाव असा आहे. उडणाऱ्या चेंडूला हवेचा एक पातळ थर चिकटून असतो. चेंडूचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर हा थर लवकर सुटतो, मागे मोठी पोकळी तयार होते आणि चेंडू मागे ओढला जातो. पृष्ठभागावर शिवणी असतील तर त्या थराला ढवळतात, ढवळलेला थर चेंडूला जास्त वेळ धरून राहतो, मागची पोकळी लहान होते आणि ओढ एकदम कमी होते. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे याच कामाचे. आता, ओढ एकदम बदलण्याचा हा प्रकार एका ठराविक वेगाच्या आसपास घडतो. त्या वेगाला चेंडू फारसा न फिरता जात असेल तर एका बाजूचा थर आधी सुटतो, दुसऱ्या बाजूचा नंतर, आणि चेंडू हवेतच डावीकडे-उजवीकडे डोलायला लागतो. शिवणी भरपूर असतील तर हा वेग कमी असतो. शिवणी कमी असतील तर वाढतो.

आता आकडे बघा. ३२ पॅनेलच्या चेंडूवर एकूण शिवण साधारण ४ मीटर लांबीची भरते. 'जाबुलानी'वर ती २ मीटरच्या आसपास, म्हणजे निम्मीच होती, आणि तिची खोली अर्धा मिलिमीटरही नव्हती. नासाच्या एम्स संशोधन केंद्रातले रबी मेहता यांनी हे चेंडू तपासले, तेव्हा पारंपरिक चेंडू सर्वांत जास्त डोलतो तो ताशी ५० किलोमीटरच्या आसपास, आणि 'जाबुलानी' ताशी ८० ते ९० किलोमीटरच्या पट्ट्यात, असं दिसलं. व्यावसायिक खेळाडूने गोलावर मारलेला जोरदार फटका किंवा फ्री किक त्याच वेगाची असते. म्हणजे जुना चेंडू डोलायचा तो मंद पासमध्ये, जिथे फारसं काही बिघडत नाही. नवा चेंडू डोलू लागला तो नेमका गोलरक्षकाची कसोटी लागते त्या क्षणी. त्यात जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर, तिथली हवा विरळ. ज्युलिओ सेझार, कासियास, बुफाँ हे गोलरक्षक तर बोललेच, पण ब्राझीलचा आघाडीवीर लुईस फाबियानो यानेही तक्रार केली. गोल करणारा आणि गोल अडवणारा दोघेही एकाच चेंडूबद्दल कुरकुरतात तेव्हा ती नुसती सबब नसते.

यावर नेहमीचं उत्तर असतं, की खेळाडू प्रत्येक नव्या चेंडूबद्दल कुरकुरतात. २००२ च्या 'फिव्हरनोव्हा'बद्दल कुरकुर झाली, २००६ च्या 'टीमगाइस्ट'बद्दल झाली. खरं आहे, आणि माझा मुद्दा याच उत्तराने अधिक पक्का होतो. कुरकुर दरवेळी होणार असेल तर कोणती सवयीच्या बदलाची आणि कोणती खऱ्या दोषाची हे ठरवायचं कशावरून? मोजमापावरून. पवनबोगद्यात, म्हणजे हव्या त्या वेगाने वारा सोडता येतो अशा बोगद्यात, चेंडू ठेवून तासाभरात जे कळतं, ते कळण्यासाठी जगातले सर्वोत्तम गोलरक्षक महिनाभर प्रयोगाला लावायची गरज नव्हती. २०१० मध्ये १४५ गोल झाले, २०१४ मध्ये तेवढ्याच ६४ सामन्यांत १७१. हा फरक चेंडूने पडला असा दावा मी करणार नाही. २००६ मध्येही १४७ च झाले होते, आणि संघांची बचावात्मक वृत्ती हे मोठं कारण असतंच. पण चेंडूचा वाटा किती होता हे सांगता येत नाही, याला कारण आपण चेंडू आधी मोजत नाही हेच आहे.

दुसरं उत्तर असतं, की चेंडू सर्वांना सारखाच असतो. मैदानात सारखा असतो, सरावात नसतो. 'जाबुलानी' ४ डिसेंबर २००९ ला जगासमोर आला आणि स्पर्धा सुरू झाली ११ जून २०१० ला. मधल्या सहा महिन्यांत ज्या खेळाडूच्या क्लबचा किंवा लीगचा चेंडूचा करार त्याच कंपनीशी होता त्याला तो चेंडू रोज पायाशी मिळू शकत होता. ज्याचा करार दुसऱ्या कंपनीशी होता तो मोसम संपेपर्यंत दुसऱ्याच चेंडूने खेळत राहिला. डोलणाऱ्या चेंडूची सवय व्हायला फक्त वेळ लागतो, आणि तो वेळ संघांना करारांच्या हिशोबाने वाटला गेला. ही असमानता कोणत्याही पंचाला दिसत नाही आणि कोणत्याही नियमात बसत नाही.

कंपनीने २०१४ साठी मात्र धडा घेतला. 'ब्राझुका' ६ पॅनेलचा, म्हणजे 'जाबुलानी'पेक्षाही कमी, तरी त्याची पॅनेल वळणदार असल्यामुळे शिवण लांबून ३.२७ मीटरवर गेली, आणि खोलीही जवळपास तिप्पट झाली. नासाच्या तपासणीत तो पुन्हा जुन्या ३२ पॅनेलच्या चेंडूसारखा वागताना दिसला. अडीच वर्षं चाचण्या चालल्या, दहा देशांतल्या सहाशे खेळाडूंनी तो वापरून पाहिला, आणि २०१३ मध्ये वेगळ्या रंगात, नाव न सांगता, तो खऱ्या सामन्यांत आणून बघितला गेला. हे असंच व्हायला हवं. पण हे सगळं झालं ते २०१० ची नाचक्की ताजी होती म्हणून. उद्या कंपनीतली माणसं बदलली, घाई झाली, एखाद्याला नवी कल्पना फारच आवडली, तर कोणती अट त्यांना अडवणार आहे? २०१० ला ज्या अटी होत्या त्या उड्डाणाच्या बाबतीत आजही जशाच्या तशा आहेत. २०२६ साठीच्या 'ट्रायोंडा'त तर फक्त ४ पॅनेल आहेत. विश्वचषकात इतकी कमी कधीच नव्हती. त्याच्या शिवणी मुद्दाम खोल ठेवल्या आहेत, म्हणजे कंपनीला भौतिकशास्त्र कळलेलं आहे. कळलेल्याची अट घालायला फिफाला काय हरकत आहे, हे मला समजत नाही.

इतर खेळांनी हे केलेलं आहे. गोल्फच्या नियामक संस्था चेंडू जास्तीत जास्त किती अंतर जावा याची मर्यादा १९७६ पासून घालत आल्या आहेत. त्याच दशकात एक चेंडू बाजारात आला, ज्याचे खळगे असे मांडले होते की तो ठराविक बाजूने ठेवला तर वाकडा मारला तरी सरळ होत जायचा. त्यावर नियम झाला, की चेंडू कसाही ठेवून मारला तरी तो सारखाच उडाला पाहिजे. उत्पादक त्या नियमाच्या आत राहून दरवर्षी नवे चेंडू काढतात, विकतात, त्यांचा धंदा काही बसला नाही. नवनिर्मिती मरेल ही भीती म्हणूनच मला पोकळ वाटते.

फुटबॉलला जी चाचणी हवी तीही याच जातीची. चेंडू पवनबोगद्यात वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून ठेवायचा, मंद पासपासून जोरदार फटक्यापर्यंतच्या सगळ्या वेगांना त्यावरची ओढ आणि बाजूचं ढकलणं मोजायचं, ओढ एकदम बदलते तो वेग कोणत्या पट्ट्यात असावा हे ठरवायचं आणि आलेख प्रसिद्ध करायचा. 'सगळ्या वेगांना' यावर माझा विशेष भर आहे. पुरुषांच्या सर्वांत जोरदार फटक्याच्या वेगाला चेंडू स्थिर केला, म्हणजे तो महिलांच्या सामन्यात किंवा कुमारांच्या स्पर्धेत, वेगळ्या वेगांना, तसाच स्थिर राहील असं नाही. महिलांच्या विश्वचषकाला स्वतःचा चेंडू मिळाला तोही १९९९ मध्ये. १९९१ आणि १९९५ च्या स्पर्धा पुरुषांच्या आदल्या विश्वचषकासाठी काढलेल्या चेंडूंनी खेळल्या गेल्या. पुन्हा एकदा महिलांना पुरुषांच्या मापाने काढलेल्या गोष्टीवर भागवायला लावू नये. याबरोबर दुसरी अट: चेंडूचं अंतिम रूप स्पर्धेच्या पूर्ण एक मोसम आधी ठरावं आणि पात्र ठरू शकणाऱ्या प्रत्येक संघाला, त्याचा करार कोणाशी का असेना, सरावासाठी मिळावं. रंग आणि नक्षी हवी तर शेवटच्या आठवड्यात दाखवा.

दर चार वर्षांच्या या बदलाचा परिणाम मैदानाबाहेरच्या ज्या माणसांवर होतो त्यांच्याबद्दलही बोललं पाहिजे. पाकिस्तानातलं सियालकोट हे हाताने शिवलेल्या चेंडूंचं जगातलं सर्वांत मोठं केंद्र. तिथला कारागीर बुटक्या बैठकीवर बसून लाकडी चिमटा गुडघ्यांमध्ये धरतो. चिमट्यात दोन पॅनेल, उलट बाजू वर. मेण चोळलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि त्या एकाच भोकातून समोरासमोर जातात. प्रत्येक टाक्याला दोन्ही हात फाकवून दोरा ताणायचा. चेंडू बहुतेक शिवून झाला की तो उलटवून सरळ करायचा, कारण आतापर्यंत तो आतली बाजू बाहेर अशा स्थितीत असतो. उरलेली शेवटची फट बाहेरून शिवायची आणि गाठ आत लपवायची. हे शेवटचे टाके सर्वांत अवघड. हा सगळा खटाटोप सहाशेहून अधिक टाक्यांचा असतो, आणि त्यातून रोज हाताशी पडतात ते मोजकेच चेंडू.

याच कामात लहान मुलं होती. १९९६ मध्ये ते अमेरिकी नियतकालिकांतून जगासमोर आलं, आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये सियालकोटचं व्यापारी मंडळ, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात अटलांटा करार झाला. घराघरांत चालणारं काम देखरेखीखालच्या केंद्रांत आलं. मुलांच्या बाबतीत हे अत्यंत गरजेचं होतं. पण घर सांभाळून शिवणाऱ्या अनेक बायकांना केंद्रावर जाणं जमलं नाही आणि त्यांचं उत्पन्न गेलं. मग उष्णतेने चिकटवण्याचं तंत्र आलं आणि सर्वांत वरच्या दर्जाच्या चेंडूंचं काम यंत्रांकडे गेलं. 'टीमगाइस्ट' थायलंडमध्ये झाला, 'जाबुलानी' चीनमध्ये, 'ब्राझुका'ने पुन्हा सियालकोटचं नाव आणलं, पण आता सुईदोऱ्याविना. तंत्र बदलू नये असं कोणी म्हणणार नाही. मात्र पॅनेलचा आकार दर चार वर्षांनी मुळापासून बदलला की साचे बदलतात, यंत्रं बदलतात, आणि तो खर्च झेपणारे मोजके मोठे कारखानेच शर्यतीत उरतात. रचना आठ-दहा वर्षं स्थिर राहिली तर लहान कारखानाही तिथवर पोहोचू शकतो. खेळाच्या भल्याचं जे आहे ते इथे कामगाराच्याही भल्याचं आहे, निदान त्याच्या आड येणारं नाही.

आता चेंडू साक्षही देऊ लागला आहे. १९६६ च्या अंतिम सामन्यात जेफ हर्स्टचा फटका आडव्या दांड्याला लागून खाली आला, तो रेषेपार गेला की नाही यावर आजही वाद होतो. २०२२ च्या 'अल रिहला'च्या मधोमध संवेदक टांगलेला होता, सेकंदाला ५०० वेळा नोंद करणारा. त्यामुळे ऑफसाइडच्या निर्णयात पास नेमका कोणत्या क्षणी सुटला हे कळतं. ही भर मला मनापासून आवडते, कारण तिने पंचाच्या डोळ्यांवरचं अशक्य ओझं कमी होतं. २०२४ च्या युरो स्पर्धेत डेन्मार्कच्या योआकिम अँडरसनच्या हाताला चेंडू चाटून गेला, आणि संवेदकाच्या आलेखात पडद्यावर उमटलेल्या त्या स्पर्शाच्या छोट्याशा उसळीवर जर्मनीला पेनल्टी मिळाली. नियमाप्रमाणे निर्णयाला आधार होता.

पण त्याआधी, २८ नोव्हेंबर २०२२ ला, पोर्तुगाल-उरुग्वे सामन्यात जे झालं ते मला खटकतं. ब्रुनो फर्नांडिसने टाकलेला चेंडू गोलात गेला आणि रोनाल्डोने तो आपल्या डोक्याला लागल्याचा आनंद साजरा केला. गोल फर्नांडिसच्या नावावर लागला. वाद वाढला तेव्हा संवेदकाच्या नोंदींवरून चेंडूला स्पर्श झालाच नाही असा खुलासा केला तो चेंडू बनवणाऱ्या कंपनीने. खुलासा बरोबर असेलच, मला त्यात शंका नाही. पण मैदानात काय घडलं याची साक्ष माल पुरवणाऱ्याने द्यायची, ही रीत चुकीची आहे. ती नोंद स्पर्धा घेणाऱ्या संस्थेच्या ताब्यात असावी आणि सामन्यानंतर दोन्ही संघांना, अभ्यासकांना, लोकांना बघायला मिळावी. 'ट्रायोंडा'त तर संवेदक मधून काढून एका पॅनेलच्या आत बसवला आहे आणि तोल साधण्यासाठी इतर पॅनेलमध्ये वजनं घातली आहेत. एकेकाळी वादीच्या गाठीने एक बाजू जड व्हायची. आता तोल उत्तम साधलेला असेल, पण तो किती साधला आहे हे कंपनीच्या शब्दावर मानायचं, की मोजून बघायचं?

यातल्या बहुतेक गोष्टींसाठी नियमपुस्तिकेला हात लावायचीही गरज नाही. नियम बदलायचा तर तो आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटना मंडळापुढे न्यावा लागतो. तिथे फिफाची चार मतं आणि चार ब्रिटिश संघटनांचं प्रत्येकी एक मत, आणि मंजुरीला आठपैकी सहा मतं लागतात. गुणवत्तेच्या शिक्क्याच्या अटी मात्र फिफाच्या स्वतःच्या आहेत. पाणी शोषण्याच्या चाचणीशेजारी उड्डाणाची चाचणी लिहायला फिफाला कोणाचं मत मागावं लागत नाही. अडचण पैशाची असेल, तर पवनबोगद्याचा खर्च विश्वचषकाच्या उत्पन्नापुढे काहीच नाही. खरी अडचण कराराची आहे. २०१३ मध्ये वाढवलेला आदिदासशी करार २०३० पर्यंतचा आहे, आणि करार चालू असताना नवी अट घालणं फिफाला जड जाईल हे मी समजू शकतो. पण त्यापुढच्या कराराची बोलणी त्याआधीच होतील. तेव्हा उड्डाणाच्या मर्यादा, प्रसिद्ध केलेला आलेख, एक मोसम आधी सर्व संघांना चेंडू आणि संवेदकाच्या नोंदींवर फिफाची मालकी, ही चार कलमं मसुद्यात असलीच पाहिजेत. मग २०३४ चा चेंडू आदिदासचा असो की आणखी कोणाचा, आणि त्यात पॅनेल ४ असोत की ३२.